फिजिओ संपल्यावर पुढे काय? दुखण्यातून उठलेल्या माणसाचा व्यायाम घेताना

मला येणारे बहुतेक फोन मुलाचे नाहीतर सुनेचे असतात. "आईचा गुडघा बदललाय, फिजिओ मॅडम यायच्या त्या आता बंद झाल्या, डॉक्टर म्हणाले सगळं व्यवस्थित आहे, पण ती बिल्डिंगखाली उतरतच नाही." सगळं व्यवस्थित आहे आणि तरी माणूस खाली उतरत नाही, इथून आपलं काम सुरू होतं. मी डोंबिवलीत घरोघरी जाऊन हे काम करते. जिममध्ये काम करणारी मुलं-मुली हल्ली विचारतात, ताई, आमच्याकडे असा पेशंट आला तर सुरुवात कुठून करायची? त्यांच्यासाठी हे लिहितेय. घरच्यांनीही वाचायला हरकत नाही, आपण लावलेला ट्रेनर काय करतोय ते तरी कळेल.

एक मत आधीच सांगून टाकते. जास्त वजन दिल्याने या लोकांचं नुकसान होतं हे सगळ्यांना माहीत आहे. कमी वजन देऊनही होतं, आणि मला तेच जास्त दिसतं. वर्ष झालं तरी तोच पिवळा, म्हणजे अगदी हलका, रबर बँड, त्याच खुर्चीत बसून त्याच पायाच्या हालचाली. ट्रेनर घाबरलेला, घरचे घाबरलेले, त्यामुळे पेशंट आणखी घाबरलेला. मांडीत ताकद नाही म्हणून जिना उतरता येत नाही, आणि जिना उतरत नाही म्हणून मांडीत ताकद येत नाही. तेव्हा जी काय भीती बाळगायची ती माहिती गोळा करताना बाळगा. माहिती पक्की झाली की वजन वाढवायला कचरू नका.

फोनवर काय विचारायचं

फोनवर मी व्यायामाबद्दल बोलतच नाही. ऑपरेशन किंवा आजार कधीचा, सर्जनला शेवटचं कधी दाखवलं आणि ते काय म्हणाले, डिस्चार्ज कार्ड हाताशी आहे का, रोजच्या गोळ्या कोणत्या, मधल्या काळात पडणं किंवा चक्कर झाली का, एवढं विचारते. गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो मागवते. आणि मग म्हणते, "आईंना फोन द्या जरा." पूर्वी करत होता आणि आता करत नाही असं काय आहे, हे ज्याचं त्यालाच विचारायचं. मुलगा सांगतो, "तिने रोज अर्धा तास चालावं." आई सांगते, "मला फडके रोडने गणपतीच्या देवळापर्यंत जायचंय, कुणाचा हात न धरता." वहीच्या पहिल्या पानावर आईचं वाक्य लिहा.

गोळ्यांचे फोटो उगाच मागवत नाही. नावाच्या शेवटी "लोल" असलेली गोळी (मेटोप्रोलोल, अटेनोलोल, बिसोप्रोलोल) चालू असेल तर नाडी हवी तेवढी वाढत नाही. मग नाडी जास्तीत जास्त किती जाईल याचं २२० वजा वय हे जिममधलं गणित त्या माणसाच्या बाबतीत रद्दी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर व्यायामाने साखर एकदम खाली येऊ शकते. नुसती मेटफॉर्मिन असेल तर ती भीती बरीच कमी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला माणूस पडला आणि डोकं आपटलं, तर वरून काही दिसो न दिसो, थेट हॉस्पिटल. आणि बीपीच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी झोपलेलं किंवा बसलेलं माणूस झटकन उठलं की डोळ्यापुढे अंधारी येते. अशांना आडवं झोपवून केलेल्या व्यायामानंतर काठावर मिनिटभर बसवायचं, मगच उभं करायचं.

मग फिजिओथेरपिस्टला मेसेज. मी असा करते (टीकेआर म्हणजे गुडघा बदलण्याचं ऑपरेशन):

"नमस्कार मॅडम. तुमच्या पेशंट काकूंचा (उजवा गुडघा, टीकेआर) व्यायाम मी पुढे घेणार आहे. तीन गोष्टी सांगाल का? कोणती हालचाल अजून नको? त्या पायावर पूर्ण भार आणि वरून वजन, दोन्हीला परवानगी आहे का? काय दिसलं तर मी लगेच तुम्हाला कळवावं?"

लांबलचक लिहिलं तर उत्तर येत नाही. तीन प्रश्नांना येतं, कधी व्हॉइस मेसेजवर, रिक्षाच्या आवाजासकट. तो जपून ठेवा.

आणि एक हद्द. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची राज्य परिषदेकडे नोंदणी असते, त्यामागे वर्षांचं शिक्षण असतं. आपल्याकडे ट्रेनरचं सर्टिफिकेट असतं. सांधा कशामुळे आखडला, एमआरआयमध्ये काय दिसतंय, गोळी बंद करू का, या प्रश्नांना माझं एकच उत्तर: डॉक्टरांना विचारा. काकू आग्रह करतात, "तुला इतक्या वर्षांचा अनुभव आहे ना, सांग की." तरीही नाही.

जखम पूर्ण बंद झालेली नाही, सर्जनचं फॉलोअप झालेलं नाही, ताप आहे, बसल्या जागी छातीत दुखतं, वरचं बीपी १८० च्या किंवा खालचं ११० च्या वर आहे: यातलं काहीही असेल तर मी सुरुवात करत नाही.

पहिला दिवस खुर्चीचा

पहिल्या दिवशी व्यायाम घेऊ नका, बघा. घरात शिरताना दार उघडायला कोण आलं, किती वेळ लागला, भिंतीला हात लावत आल्या का. संडास कमोडचा आहे की भारतीय, बाथरूममध्ये धरायला काही आहे का, पायपुसणं सरकतं का, रात्री उठल्यावर दिव्याचं बटण कुठे आहे.

मग खुर्ची. हात नसलेली असेल तर उत्तम, भिंतीला टेकवलेली, बसायची उंची ४३ सेंटिमीटरच्या आसपास. टेप लावून मोजा, कारण महिन्याने तीच उंची लागणार आहे. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत पूर्ण उभं राहणं किती वेळा जमतं ते मोजायचं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या तक्त्यात ६५ ते ६९ वयाच्या बाईला ११ पेक्षा कमी आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर ते सरासरीखाली धरतात. ७० ते ७४ वयाला बाईसाठी १० आणि पुरुषासाठी १२. हाताचा आधार घ्यावा लागला तर त्यांच्या हिशेबाने शून्य. मी शून्य लिहिते आणि कंसात "हाताने ६" असंही लिहिते, कारण महिन्याने हे सहा कुठे गेले ते मला बघायचं असतं. दुसरी चाचणी चालण्याची: खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजून पुढचं ठरवा.

आकड्यापेक्षा माणूस कसा उठतो ते जास्त सांगून जातं. गुडघा बदललेल्या काकू उठताना पायाकडे बघा. ऑपरेशनचा पाय नकळत चार बोटं पुढे सरकतो. मग सगळा भार चांगल्या पायावर जातो, कंबर त्या बाजूला झुकते आणि एका दमात उठल्यासारखं दिसतं. मुलगा टाळ्या वाजवतो, "बघा किती छान उठली!" उठली ती एका पायाने. दुसऱ्या पायाने फक्त सोबत केली. असं काही महिने चाललं की ज्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं नाही तो दुखायला लागतो.

उपाय फुकटातला आहे. घरात लाद्या असतातच. दोन्ही टाचा लादीच्या एकाच रेघेवर ठेवायला सांगा, रेघ सोडायची नाही. घरात वजनकाटा असेल तर तो ऑपरेशनच्या पायाखाली आणि तेवढ्याच उंचीचा पाट दुसऱ्या पायाखाली ठेवा आणि उठायला सांगा. काकू ६८ किलोच्या आणि काट्यावर उठताना जेमतेम २० दिसतात, मग त्यांना स्वतःलाच कळतं. "अगं बाई, हा पाय कामचुकारपणा करतोय की!" हे मी दहा वेळा सांगून झालं नसतं. त्यानंतर काट्यावरचा आकडा वाढवणं हाच पहिल्या पंधरवड्याचा व्यायाम.

गुडघा: जरा सविस्तर

गुडघा बदललेला माणूस आपल्याकडे साधारण सहा ते बारा आठवड्यांनी येतो. त्या वेळी गुडघा थोडा सुजलेला, हाताला कोमट लागणारा असतो. टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची कातडी बधिर असते, चालताना कधी टक् असा आवाज येतो. हे काही महिने राहतं, याने घाबरू नका आणि घाबरवू नका.

सपाट चालायला गुडघा ६५-७० अंश वाकावा लागतो, जिना चढायला ८५ च्या आसपास, उतरायला आणि खुर्चीतून उठायला ९० च्या वर. वाकणं सगळेच मोजतात. पाय पूर्ण सरळ होतो का ते फारसं कुणी बघत नाही. बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय लागते, आणि पाय सरळ व्हायचा राहून जातो. मग चालताना लंगड दिसते. उशी काढा. दिवसातून दोन-तीनदा टाचेखाली टॉवेलची घडी ठेवून गुडघा आपल्या वजनाने खाली जाऊ द्या. आठवड्यागणिक वाक कमी होतोय असं वाटलं तर फिजिओकडे परत पाठवा. जोर लावून वाकवणं आपलं काम नाही.

आता ताकद. खुर्चीवर चादरींच्या जाड घड्या ठेवून बसायची उंची ५० सेंटिमीटरपर्यंत वाढवा. तिथून उठणं-बसणं, आठ वेळा, मधे दोन मिनिटं विश्रांती, अशा तीन फेऱ्या. बसताना तीन आकडे मोजत बसायचं. धपकन बसल्या तर ती मोजायची नाही. जिना उतरायला लागणारी ताकद या सावकाश बसण्यातच तयार होते, उठण्यात तेवढी नाही. तीन फेऱ्या बारा-बाराच्या झाल्या आणि काकू म्हणाल्या "अजून दोन-तीन जमल्या असत्या", की एक घडी काढा. घड्या संपल्या की छातीशी दोन लिटरची पाण्याची बाटली, म्हणजे दोन किलो. मग पाच किलोची कणकेची पिशवी. इथे घरचे हमखास मधे पडतात. "अहो, ऑपरेशन झालंय तिचं, पाच किलो कसले देता?" गिरणीतून दळणाचा डबा कोण आणायचं, असं मी विचारते. त्या आणायच्या. आणि परत त्यांनाच आणायचाय.

जिममध्ये आपण डोळे झाकून "दहाच्या तीन फेऱ्या" म्हणतो, त्याचं मूळ हॉस्पिटलात आहे. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी हॉस्पिटलात थॉमस डीलॉर्म नावाचे डॉक्टर होते. जखमी सैनिकांना तोवर हलके, पुष्कळ वेळा करायचे व्यायाम देत. डीलॉर्मनी जड वजन देऊन ते पायरीपायरीने वाढवलं आणि १९४५ मध्ये ते छापलं. पुढे १९४८ मध्ये वॉटकिन्सबरोबर त्यांनी फेऱ्या तीनवर आणल्या: पहिली निम्म्या वजनाने, दुसरी पाऊण, तिसरी पूर्ण. दुखऱ्या गुडघ्यांवर तयार झालेली पद्धत आपण धडधाकट पोरांना देतो, आणि दुखऱ्या गुडघ्याला मात्र पिवळा बँड.

दुसरा व्यायाम पायरीचा. आधी १० सेंटिमीटर उंचीचा न हलणारा लाकडी ठोकळा, ओट्याला हात धरून. त्यावर ऑपरेशनचा पाय ठेवून चढायचं, आणि खालच्या पायाने उडी मारून ढकलायचं नाही. खालच्या पायाची बोटं वर उचलून धरायला सांगा, म्हणजे चोरी बंद होते. मग १५ सेंटिमीटर, मग खरा जिना. ओट्याशीच टाचा उचलणं, पाय बाजूला नेणं आणि एका पायावर दहा सेकंद उभं राहणं घ्या. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत हे आपोआप होतं, पण दूध उतू जाणार असेल तेव्हा नको. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. मधल्या दिवशी चालणं.

डोंबिवलीत जुन्या चार मजली बिल्डिंगी खूप, लिफ्ट नाही. जिना हाच आमच्याकडचा खरा जिम. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. काठी असेल तर दुखऱ्या बाजूच्या उलट हातात. निम्मे लोक ती चुकीच्या हातात धरतात. ट्रेनरने कायम एक पायरी खाली राहायचं, चढताना मागे आणि उतरताना पुढे. मधल्या वळणावर कठडा संपतो तिथे आधी स्वतः जाऊन बघा धरायला काय आहे. पायरीला एक-एक पाय लावत दोन मजले जमायला लागले, की चढताना पाय आलटून-पालटून, आणि उतरताना ते सगळ्यात शेवटी. स्टेशनच्या पुलाची सवय दुपारी करून घ्या, संध्याकाळच्या गर्दीत नाही. धक्का लागेल या भीतीने माणूस जे अंग चोरतं, त्याने सगळी शिकवण विसरते.

मांडी घालून खाली बसण्याबद्दल प्रत्येक जण विचारतो. ते सर्जनवर सोडा. कुणाला कोणता सांधा बसवला आणि किती वाक मिळाला त्यावर ते ठरतं. पूजेला खुर्ची आणि देवासमोर उंच चौरंग ही तडजोड बहुतेक घरांत चालते, सासूबाई हयात असतील तर थोडी कटकट होते.

दुखलं तर?

दुखतंय एवढं उत्तर घेऊन थांबू नका, कसं दुखतंय ते विचारा. मांडीत रग लागलीय, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना जाणवते: चांगलं आहे, स्नायूने काम केलं. सांध्यात ठणका लागला, रात्रभर राहिला: जास्त झालं, पुढच्या वेळी वजन किंवा फेऱ्या कमी. व्यायाम करताना एकदम चमक निघाली किंवा कळ गेली: ती हालचाल तिथेच बंद. मुंग्या, बधिरपणा, पायात आग होत खाली उतरणारी कळ: फिजिओला फोन.

दहापैकी किती, हेही विचारते. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पातळीवर परत आलं पाहिजे. सकाळचा एक मेसेज सगळ्यांना बंधनकारक ठेवा: दुखणं किती, सूज किती, झोप कशी. काका मंडळी "ओके" एवढंच पाठवतात. ओके चालणार नाही, आकडा हवा.

हार्टचा पेशंट

इथे घाई नाही आणि नाडीच्या घड्याळावर विश्वासही नाही, "लोल" गोळ्यांमुळे. बोलण्यावर जा. चालता चालता एका दमात पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन-दोन शब्दांनी दम घ्यावा लागला तर वेग कमी. गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवा. हार्टच्या पुनर्वसनात श्रम मोजायला ६ ते २० ची बोर्ग पट्टी वापरतात आणि सुरुवातीला ११ ते १३ च्या दरम्यान ठेवतात, म्हणजे "हलकं" ते "जरासं कष्टाचं". सुरुवातीला दहा मिनिटं हळू, शेवटी दहा मिनिटं हळू. एकदम थांबून सोफ्यावर बसू देऊ नका, चक्कर येते.

बायपासवाल्यांचं छातीचं हाड जुळायला आठ ते बारा आठवडे लागतात. सर्जन हिरवा कंदील देईपर्यंत वजन उचलणं, दार ढकलणं, खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठणं नको. म्हणजे परत पायांनी उठणं, खुर्चीचा व्यायाम त्यांनाही तितकाच लागू. कुणीही, कधीही, श्वास रोखून वजन उचलायचं नाही. उचलताना मोठ्याने आकडे मोजायला लावा, मोजणारा माणूस श्वास रोखू शकत नाही. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी लिहून दिली असेल तर ती खिशात हवी, देवघराच्या खणात नाही.

साखरवाल्यांना ही सगळी पथ्यं आहेतच, वर आणखी थोडी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर आधी साखर मोजा. मी १०० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायला लावते, ७० च्या खाली असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, तीन चमचे साखर पाण्यातून आणि पंधरा मिनिटांनी परत मोजणी. २५० च्या वर असेल आणि बरं वाटत नसेल तर डॉक्टर. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे, साखर उतरल्यावर होणारी धडधड "लोल" गोळ्यांनी झाकली जाते. घाम मात्र सुटतो. पंख्याखाली बसलेल्या माणसाला दरदरून घाम आला तर व्यायामाने आला असेल असं म्हणून सोडू नका. पायाचे तळवे आठवड्यातून एकदा तुम्ही स्वतः बघा, बोटांच्या बेचक्यांसकट. बऱ्याच जणांना खडा टोचलेला कळत नाही, त्यामुळे व्यायाम अनवाणी नाही.

बाकीचे थोडक्यात

खांदा जखडलेल्यांना सगळ्यात मोठा धोका उत्साही ट्रेनरचा असतो. दुखण्याचा पहिला टप्पा चालू असताना हात ओढून वर नेऊ नका. हे दुखणं वर्ष, दोन वर्षंही घेतं, आणि मधुमेह्यांमध्ये जास्त दिसतं. तोवर पाय, पाठ, दुसरा हात यांचं काम चालू ठेवा.

पॅरालिसिस होऊन गेलेल्या माणसाला उठवताना कमजोर बाजूचा हात कधीच ओढायचा नाही. त्या खांद्याला धरून ठेवणारे स्नायू ढिले असतात, सांधा खाली सरकतो. कमरेला रुंद पट्टा बांधा, तो धरा, आणि उभं त्याच्या कमजोर बाजूला राहा.

कबड्डीच्या पोरांचं सगळं उलटं. गुडघ्याचा लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) बदललेला, तीन महिन्यांत "ताई, काहीच दुखत नाही, मॅच आहे रविवारी." दुखत नाही म्हणजे नवा लिगामेंट पक्का झाला असं नाही. नऊ महिन्यांच्या आत मैदानावर नाही, आणि नऊ महिने झाले तरी मांडीची ताकद आणि एका पायावरची उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के झाल्याशिवाय नाही. कोचला फोन तुम्ही करा. पोरगा करणार नाही.

हे दिसलं की थांबा

एका पायाची पोटरी ठणकते, गरम आहे, सुजली आहे, विशेषतः ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत: रक्ताची गाठ असू शकते. घरचे तेल कोमट करून चोळायला बसलेले असतात. चोळू देऊ नका, त्याच दिवशी हॉस्पिटल. त्यात दम लागायला लागला, छातीत दुखलं, तर १०८ ला फोन. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम: १०८. तोंड वाकडं, बोलणं अडखळणं, एक हात गळणं: १०८, आणि किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहा, डॉक्टर पहिलं तेच विचारतात. टाक्यांतून पाणी, ताप, वाढता लालपणा: सर्जन. कंबरदुखीवाल्याला लघवीचा ताबा राहत नाही किंवा बसायची जागा बधिर झाली: आजच हॉस्पिटल, उद्या नाही.

घर, वही, पैसे

पहिल्या आठवड्यात घरातल्या एका माणसाला समोर बसवा आणि शिकवा. नाहीतर होतं असं की मी सकाळी पाऊण तास खुर्चीतून उठवते आणि दिवसभर सगळे म्हणतात, "तू बस, मी देते." पाण्याचा तांब्या स्वतः उठून घ्यायचा, हे मी घरच्यांकडून कबूल करून घेते. सुना लगेच कबूल होतात, मुलांना वेळ लागतो.

वहीत तारीख, सकाळचे तीन आकडे, बीपी, काय केलं, किती वजनाने, आणि काही वेगळं दिसलं तर एक ओळ. फॉलोअपला जाताना वहीच्या पानांचे फोटो पेशंटबरोबर पाठवा. पहिल्यांदा डॉक्टर बघत नाहीत. तिसऱ्यांदा बघतात, आणि मग त्यांच्याकडून पेशंट यायला लागतात.

पैसे मी महिन्याचे आगाऊ घेते. आजारपणाने पडलेले खाडे पुढच्या महिन्यात धरते, लग्नाला गेल्याने पडलेले धरत नाही. सुरुवातीलाच एका कागदावर सही घेते: आजार आणि गोळ्यांची माहिती खरी दिली आहे, बदल झाला तर कळवू.

आणि काम कधी संपणार तेही पहिल्याच दिवशी सांगते. पहिल्या पानावरचं वाक्य खरं झालं की आठवड्याचे तीन दिवस दोनावर, मग एकावर. पैसे देणारी माणसं सोडवत नाहीत हे मलाही कळतं, पण चालत देवळात जाऊन आलेल्या बाईला महिनोन्महिने धरून ठेवणं बरं दिसत नाही. जाताना फ्रीजवर एक कागद चिकटवते: तीन व्यायाम, कोणत्या वारी, किती वजनाने, आणि कुणाला फोन करायचा. महिन्याने फोन करून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठलात ते विचारते. आकडा दोनाने घसरला असेल तर एक फेरी मारते, त्याचे पैसे घेत नाही.